फोटोला हार चालत नाही

...म्हणजे गुच्छ चालेल, पण हार चालणार नाही! ऐकलंत ना? माझा सख्खा मोठा भाऊ गेलाय, आणि आमच्या चर्चची कमिटी बसलीय कशावर, तर त्याच्या फोटोला हार घालायचा का नाही! अहो, फुलं आहेत हो ती, फुलं!

तुम्हाला सांगतो, आम्ही कळव्याचे, धंदा फुलांचा. विनीतदादा कल्याणच्या मार्केटातनं माल आणायचा, मी टपरी लावायचो, आणि हार तो ओवतो... ओवायचा. अजून जीभ वळत नाही माझी. डेंग्यू झालेला. ताप उतरला म्हणून आम्ही खूश, आणि तापाच्या मागोमाग दादापण गेला.

तर रविवारी त्याच्या स्मरणाची उपासना ठरली. आई म्हणाली, "फोटोला हार मी घालणार. लग्नात बघायचा होता त्याच्या गळ्यात, ते राहिलं." बस! बाईनं दुसरं काय मागितलं? तर कमिटीतले काळुरामकाका उठले. "शेवंतीताई, गुच्छ ठेवा, हार नको. ती मूर्तिपूजा होते."

मी म्हटलं, काका, दफनाला पेटीवर फुलांचं चक्र ठेवलं, तुम्हीच ठेवलं, ते काय होतं? "ते चक्र होतं, बाळा." अहो, तेही गोल, हेही गोल! तोच झेंडू, तीच शेवंती! ते आडवं निजलं म्हणून ख्रिस्ती, आणि हे उभं लटकलं म्हणून हिंदू? मेणबत्ती चालते, अगरबत्ती नाही. गुच्छ चालतो, पण फोटोच्या जरा बाजूला. "जरा म्हणजे किती?" असं एकानं विचारलं, आणि शप्पथ सांगतो... शपथ घ्यायची नाही म्हणे, तेही बायबलात लिहिलंय, बरं, नाही घेत... पण त्याच्यावरसुद्धा चर्चा झाली! टेबलाची लांबी बघून आले दोघं!

मग ऋतुराज पास्टर. नवीन आहेत, बायबल कॉलेज केलेले, आवाज एकदम मऊ. "प्रितम, वचनात बघू या ना आपण. लुस्त्र गावात लोकांना वाटलं प्रेषित पौल म्हणजे देवच. त्यांनी त्याच्यासाठी बैल आणले, हार आणले. तेव्हा पौलानं काय केलं? स्वतःचे कपडे फाडले, आम्हीही माणसंच म्हणून!"

आता मी सातवी नापास माणूस, मला कुठलं लुस्त्र माहिती! पण डोकं सटकलं ना माझं. म्हटलं, पास्टर, नाताळात उपदेशाला आलेल्या नाशिकच्या पाहुण्यांना हार घातला, दादानंच केलेला, गुडघ्यापर्यंत, गुलछडीचा, खाली गुलाबाचा गोंडा. त्यांनी कुठं कोट फाडला? उलट फोटो नीट आला नाही म्हणून परत घालून घेतला! जिवंत पाहुण्याला चालतो, मेलेल्या फुलवाल्याला चालत नाही? बाहेर कोणीतरी खूक् करून हसलं. पास्टरांनी पुस्तक मिटलं.

आणि तेव्हा काळुरामकाका बोलले. एकदम खालच्या आवाजात. "अरे पोरा, बाळकुमच्या घरी माझ्या बापाच्या फोटोला रोज हार असायचा. पुढं ताट वाढायचं, हात जोडायचे, बोलायचं त्याच्याशी. हे सगळं सोडताना घर तुटलं माझं. सख्खी बहीण बोलत नाही. आता हार घातलेला फोटो दिसला ना, की हात आपोआप जोडले जातात रे. मी काय करू?"

माणूस भांडत असला की बरं असतं, भांडता येतं. पास्टर म्हणाले, "बघ, पौल म्हणतो, माझ्या खाण्यानं भावाला अडखळण होत असेल तर मी मांसच खाणार नाही. भावासाठी सोडायचं." मी टेबलावर हात आपटला. भावासाठी? माझा भाऊ मातीत आहे! त्याच्यासाठी कोण काय सोडणार? मीच सोडतो ही मंडळी, हे चर्च! आणि निघालो. तर आईनं शर्ट धरला. "बस खाली. राहू दे हार. काळुभावजींना त्रास नको." आणि डोळे पुसले. पुसले म्हणजे, पदर तिथंच ठेवला, काढलाच नाही. अहो, फुलं होती हो नुसती...

बरं, पुढं ऐका. शनिवारी काळुरामकाका टपरीवर. माझ्याकडे बघतच नाहीत. झेंडूकडे बघून बोलतायत. "उद्या उपासनेला पाहुणे येतायत, ते नाशिकचे. त्यांना हार लागेल. तू करशील?" तोंडावर आलेलं, दुसरीकडे बघा म्हणून. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. घेतली सुई. दादासारखा गोंडा नाही जमला, वाकडाच झाला.

रविवारी टेबलावर दादाचा फोटो, मेणबत्ती, आणि ठरल्याप्रमाणे जरा बाजूला गुच्छ. पाहुणे आले. काकांनी हार घातला, टाळ्या... स्मरणाला टाळ्या, पण सवय ना! आणि कुठलाही पाहुणा करतो तेच यांनी केलं, लगेच हार काढला. कुठं ठेवू, कुठं ठेवू, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, त्यांना आमच्या कमिटीतलं काय माहिती? समोर फोटो दिसला. घातला त्याला!

सगळ्या माना काळुरामकाकांकडे. काका उठले. मला वाटलं, गेला हार. काकांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

अहो, काय लांब प्रार्थना! संपेचना! आई हळूच उठली, गोंडा सरळ केला, दादाच्या गालावरनं बोट फिरवलं आणि येऊन बसली. काका आपले करतायतच प्रार्थना, डोळे काही उघडत नाहीत.

तर मिळाला हो दादाला हार. पण उतरलेला! दुसऱ्याच्या गळ्यातला! जन्मभर ज्यानं गिऱ्हाइकाला कालचं फूल दिलं नाही, त्याला सेकंडहँड हार! दादा असता ना, तर आख्खी टपरी डोक्यावर घेतली असती. आता तो नाहीये तक्रार करायला... म्हणून तर मी करतोय.