ताकाचा पेला

(मोशी. नव्या सोसायटीच्या भिंतीला लागून उरलेलं मोकळं रान. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेले चिमाजी बाजेवर बसलेत. त्यांची सून स्वप्नाली मैना घोडीवर.)

चिमाजी : पुन्यांदा तेच. दोन-दोन टापा एकदम पडत्यात. ही दुडकी झाली.

स्वप्नाली : आबा, न बघता कसं कळतं तुम्हाला?

चिमाजी : मोतीबिंदू डोळ्याचा काढलाय, कान शाबूत हायेत. रवाल चालीत चार टापा न्याऱ्या-न्याऱ्या वाजत्यात. वर बसनाऱ्याचं आंगसुदिक हालत न्हाई. हिची आई चंद्री तशी चालायची.

स्वप्नाली : माझी तर हाडं खिळखिळी झाली. त्यापेक्षा तळवड्याचा खड्ड्यांचा रस्ता परवडला.

चिमाजी : मग लाव तुझ्या नवऱ्याला, अवधूतला फोन. रेसवाल्याला आजच कळवायचंय न्हवं? सांग, तुमचं खरं ठरलं. न्या मैनेला त्या रेसच्या घोड्याकडं, होऊ द्या उंच शिंगरं.

स्वप्नाली : आणि जामखेडचा तो रवाल चालीचा भिमथडी घोडा?

चिमाजी : हिच्यात चाल असंल तर तितं नेन्यात अर्थ. चंद्री आता व्यायची न्हाई. हिच्यात उतरली न्हाई म्हंजी आमच्या आज्यापासनंची चाल हितंच संपली. लई वाईट वाटतंय गं.

स्वप्नाली : शिकवता नाही येत?

चिमाजी : पाय बांधून शिकवत्यात लोक. आपल्याला रक्तातली पायजे. लगाम कसा धरलायस?

स्वप्नाली : दोन्ही हातांनी, घट्ट. पळाली तर?

चिमाजी : आगं, स्कूटीचा ब्रेक हाय का तो? तोंड आवळल्यावर ती कशी चालंल? हे घे. मगाशी तूच भरून दिलेलं ताक. एका हातात पेला, एका हातात लगाम. बघायचं फकस्त पेल्याकडं.

स्वप्नाली : नवीन ड्रेस आहे, आबा. सांडलं तर?

चिमाजी : सांडलं तर समजंल.

स्वप्नाली : चल गं मैने, सावकाश... आबा, लगाम सैल सुटलाय!

चिमाजी : ऱ्हाऊ दे सैल.

स्वप्नाली : मान वर केली तिनं. वेग वाढवतेय!

चिमाजी : बोलू नगंस. ऐकू दे.

(स्वप्नाली पेल्याकडे बघत लिंबाच्या झाडापर्यंत जाते.)

चिमाजी : टप, टप, टप, टप... आगं, चार!

स्वप्नाली : आबा, धक्काच बसत नाहीये! लिंबापासून वळवू?

चिमाजी : वळ, वळ. पार बाजेपतुर ये.

स्वप्नाली : हा घ्या पेला. बोट लावून बघा. ड्रेस कोरडा आहे माझा.

चिमाजी : व्हय की, काठोकाठ! चंद्रीचीच लेक ही! अवधूतला सांग, रविवारी टेम्पो काढ. जामखेडला जायचंय.

स्वप्नाली : सांगते. पण आबा, पट्टी ओली झालीये. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय ना?

चिमाजी : भाईरचं म्हनले. आतल्याचं काय बोलले न्हाईत.