काळी मोटार आणि कोरे पंचे

आमच्या काकांच्या मोटारीनं एकदा साक्ष दिली, ते तुम्हाला सांगितलंय का? तेव्हा अख्ख्या पेठेत मोटार ती एकच, काळीभोर. काका पंचे विकायचे. "आमच्या पंच्यात खळ नाही, निव्वळ सूत," हे गिऱ्हाइकानं रामराम घालायच्या आत सांगून मोकळे व्हायचे.

एकदा मोहोळचे एक व्यापारी गाडीभर माल घ्यायला आले. त्यांच्यासमोर ऐट म्हणून काकांनी दारातच मोटार धुवायला लावली.

ड्रायव्हर हुसेनभाई म्हणाले, "शेठ, विहिरीचं पाणी आहे. वाळलं की काळ्या रंगावर ठिपके उठतात. एखादं जुनं धोतर द्या, लगेच पुसून घेतो."

"पंच्याच्या दुकानात जुनं धोतर?" म्हणत काकांनी गठ्ठ्यातला कोरा पंचा ओढला आणि स्वतःच पुसायला लागले. एक भिजला की दुसरा.

ऊन कडक. बघता बघता मोटार वाळली आणि टपापासून चाकापर्यंत पांढरे पट्टे उमटले, भिंतीला चुन्याचा हात द्यावा तसे.

"आमचं पाणीच जड आहे," काका म्हणाले.

मोहोळकरांनी एका पट्ट्यावरून बोट फिरवलं, पांढरी भुकटी चिमटीत चोळून पाहिली. "पाण्याचं ठिपकं पडत्यात, शेठ. ही खळ हाय."

पाहुण्यांनी वहाणा घातल्या.

"पंचं ऱ्हाऊ द्या. मोटार इकायची असली तर सांगा. तुमच्या दुकानात खरं बोलणारी ती एकलीच हाय."