ट्रॅक्टर उघडावा कीं चालवावा

आम्ही मूळचे तंजावरचे. पणजोबा तिथें दरबारांत कुठल्याशा खात्यांत लिहिणारे होते म्हणून सांगतात, कागद कांहीं नाहीं, तेव्हां हो म्हणावं आणि पुढें जावं. आजोबा कुंभकोणास आले, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, वडील एका शाळेंत शिपाई, आणि मी ट्रॅक्टरवाला. गोविंदराव म्हणतात मज, वय अडुसष्ट. घरांत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तुम्हां महाराष्ट्रांतल्यांची मराठी ऐकली कीं वाटतं कुणाची बस सुटतेय. हसूं नका, तुम्हीही आमचं ऐकून हसतां, पाहतोंय मी.

ट्रॅक्टर म्हणजे मोठा नव्हे हो, बागेंतला, छोटा. नारळाच्या दोन ओळींमधून जाणारा, केळीच्या पानास धक्का न लावतां वळणारा. घेतला तेव्हां अस्की, म्हणजे सगळेच, हसले, सगळा रस्ता हसला, हें खेळणं कुणासाठीं म्हणून विचारलं. त्या खेळण्यावर मी तीस वर्षं गांवोगांव भाड्यानं नांगरायला गेलों, तिरुविसनल्लूरकडे तर मज पाहून लोक ओळखायचे नाहींत, आवाज ऐकून ओळखायचे. माझी बायको रमा म्हणते, तुमचं बोलणं मोठं झालं तें इंजनामुळं, घरांत कुणी बहिरं नाहीं.

तर दोन वर्षांमागं तो थांबायला लागला. चालू होतो, बरा चालतो, पंधरा मिनिटं झालीं कीं गुदमरल्यासारखं करतो आणि बंद. जरा वेळ सोडला कीं परत चालू. काशी म्हणून माझा जुना फिटर आहे, त्यानं फिल्टर बदलला, पंप उतरवून परत बसवला, आपल्या वर्कशॉपांत तासभर चालवून दाखवला, आणि मी बागेंत नेला कीं परत तेंच. असं पांच-सहा वेळां झालं. शेवटीं काशी म्हणाला, अण्णा, इंजन म्हातारं झालं, नीट करायचं तर आंतलं अस्की नवं घालावं लागेल आणि हें मॉडेल आतां कुणी करत नाहीं, उघडून सुटे भाग द्या, कुणाच्या तरी गाडीस लागतील. रमेस तें पटलं. तुमचे गुडघेही त्याच मॉडेलचे म्हणाली.

मी कांहींच ठरवलं नाहीं. मज ठरवायचं नसलं कीं मी ताडपत्री घालतों. सहा महिने ताडपत्री. काय सांगूं तुम्हांस, लोखंड आहे, लोखंडाचं काय एवढं, पण उघडला म्हणजे मी घरांत बसलेला म्हातारा आणि चालला म्हणजे अजून कामाचा माणूस. गोष्ट एवढीच होती, तींत दुसरं कांहीं नव्हतं.

मग तिरुक्करुगावूराहून सेल्वी आली. चाळिशीची बाई, तिचाही अगदीं हाच ट्रॅक्टर, वडिलांमागं तीच चालवते, केळीच्या बागांतून भाड्यानं, घर त्यावरच. तिच्या गिअरबॉक्सची पेटी तडकलेली, दोनदां वेल्डिंग केलं, दोनदां सुटलं, काशीनं माझं नांव सांगितलं. ताट घेऊन आली, ताटांत विडा, केळीं, लिंबू. अण्णा, तुमची पेटी मज द्या म्हणून विचारलं. मी ताडपत्रीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, घे म्हटलं, आणि ताटांतलं पान उचलून देंठ मोडून तोंडांत घातलं. आमच्याकडे पान खाल्लं कीं झालं, शब्द दिला. लिहून घ्यायला लागत नाहीं.

दोन दिवसांनीं काशी पेटी काढायला यायचा होता, म्हणून मी ट्रॅक्टर मागच्या अंगणांतून पुढें आणत होतों. जरा साफसूफ करतांना इंजन चालूच ठेवलं होतं, तें नेहमीसारखं गुदमरून थांबलं. डिझेल तरी काढून ठेवावं म्हणून लगेच टाकीचं झांकण फिरवलं, तर आंत हवा ओढल्याचा मोठा आवाज. आतां पाहा, इतक्या दिवसांत थांबला कीं मी बॉनेट उघडत होतों, झांकण कधीं नाहीं. झांकणास एक बारीक भोंक असतं, डिझेल उतरतं तशी आंत हवा जायला. तें बुजलेलं, हवा जाईना म्हणून डिझेल इंजनाकडे उतरेना. कशानं? गंधानं! आयुधपूजेस, दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, आम्ही त्यास धुतों, हार घालतों, आणि रमा गंध-कुंकू पहिल्यानं झांकणास लावते, तें त्याचं कपाळ म्हणून. जुनं गंध खरवडायचं नाहीं, त्यावरच नवं. तीस वर्षांचं गंध. आणि काशी डिझेल पाहायला म्हणून झांकण काढूनच गाडी चालवायचा, तेव्हां त्याच्याकडे कशी थांबणार?

रमेकडून टांचणी घेतली, भोंक मोकळं केलं. एक तास चालला, दोन तास चालला. रमा म्हणाली, मग मीच बंद पाडला म्हणा कीं. मी म्हटलं, तूं गंध लावलंस, पाहिलं नाहीं तें मी. मज त्या दिवशीं इतका आनंद झाला कीं सांगायला लाज वाटते. तिरुविसनल्लूरच्या एका जुन्या बागवाल्यासही फोन करून टाकला, नांगरायला येतों म्हणून.

संध्याकाळीं रमा एवढंच म्हणाली, पान खाल्लंत तुम्ही.

काशी म्हणाला, सांगून टाका तिला चालतोय म्हणून, कोण तुम्हांस दोष देईल? खरं आहे, कुणीच दिला नसता. सेल्वीनंही दिला नसता. ठरल्या दिवशीं ती टेंपो घेऊन आली, मी गाडी चालू केली, ती उभी राहून ऐकत राहिली आणि तिचं तोंड उतरलं. चालती गाडी आहे अण्णा, मी कशी मागूं म्हणाली, आणि वळून टेंपोंत चढायला लागली. तेव्हां मी म्हटलं, थांब. चालती गाडी मी माझ्या हातानं उघडणार नाहीं, तेवढं मज जमायचं नाहीं. अख्खी ने. तुझी तडकलेलीच आहे, ती उघड आणि तिचे भाग हिला ठेव. ती म्हणाली, आणि तुम्ही? मी म्हटलं, मज गुडघे आहेत. फळीवरून टेंपोंत मीच चढवली, उतरलों, किल्ली दिली. बागवाल्यास परत फोन केला.

आतां चार महिने झाले. त्या जागीं रमा सांडगे वाळवते. मी सकाळीं गांवांतल्या महामहम तळ्याभोंवतीं दोन फेऱ्या मारतों, डॉक्टर सांगतात म्हणून. वाईट वाटलं का म्हणून विचारतां, वाटलं, खोटं कशाला बोलूं, पण पान खाऊन फिरलों असतों तर जास्त वाटलं असतं. पोरगी कामाची आहे, देव तिला बरं ठेवो, तिच्या बागा पिकूं दे.

फोन करते कधीं. परवां केला, अण्णा, कसला तरी आवाज येतोय, काय असेल? मी म्हटलं, फोन इंजनापाशीं धर. पंख्याचा पट्टा ढिला झालेला, तें पहिल्या घटकेसच समजलं मज. पण सांगितलं नाहीं लगेच. म्हटलं, नीट ऐकूं येत नाहीं, अजून थोडा वेळ धर.