काचेवरचा ओरखडा आणि बाळाची नखं

नाही, पण मला एक सांगा, आठ महिन्यांच्या बाळाच्या नखांनी गाडीच्या काचेवर वीतभर ओरखडा पडतो? पडतो का? काचांना फिल्म लावणारा म्हणतो, पडतो! आणि मी काय म्हटलं? "बरं दादा."

झालं काय, तुम्हाला सांगते, रोज सकाळी लेकीला पाळणाघरात सोडायला जाताना ऊन थेट तिच्या डोळ्यांवर. ती मागे किंचाळणार, आणि मी गाडी चालवायची की मागे वळून टाळ्या वाजवायच्या? एकदा त्या नादात लाल सिग्नल ओलांडला हो मी! त्याच संध्याकाळी ठरवलं, काचांना फिल्म लावायची. आठवडाभर वाचून वाचून दुकान शोधलं, मीच!

तर हा गृहस्थ साबणाचं पाणी असं मारतोय, असं मारतोय, म्हैस धुतात तसं. मी भीत भीत, "दादा, दाराच्या बटणांत पाणी जातंय हो..." "ताई, वीस वर्षं हेच करतोय." बरं दादा. मग फिल्म काचेवर ठेवून तिथेच ब्लेडने कापायला लागला. कर्र्र... कर्र्र... माझ्या दातांत कळ! "ताई, आवाज फिल्मचा आहे, काचेचा नाही." बरं दादा. "आणि चार दिवस काच खाली करू नका."

मी हातसुद्धा लावला नाही! तिसऱ्या दिवशी लेकीच्या बाजूची काचच आपण होऊन चार बोटं खाली आली आणि तिथेच अडकली. वर अंगावर पुरळ उठावी तसे फिल्मभर बुडबुडे, आणि कडेला तो ओरखडा. गेले तावातावाने. त्याने शांतपणे विचारलं, "काच खाली केली होतीत?" 'नाही' म्हणावं की नाही माणसाने? मी म्हणते, "नाही... म्हणजे... चुकून बोट लागलं असेल तर..." संपलं! "असेल म्हणताय ना? मग! आणि मागे कोण बसतं? बाळ? नखं लागली असणार."

घरी येऊन मी काय करावं? लेकीची नखं कापली! दहाच्या दहा! आणि शेवटच्या करंगळीला डोक्यात प्रकाश पडला, अगं, ओरखडा फिल्मच्या खाली आहे! पोरीचं नख फिल्मच्या खाली शिरलं कसं?

दुसऱ्या दिवशी वाटेत वाक्य घोकत गेले. थेट म्हटलं, "ओरखडा फिल्मखाली आहे!" तो वाकला, निरखून बघितलं, मान हलवली. "बरोबर आहे ताई. म्हणजे आधीचाच असणार." आणि मी... जाऊ दे, तुम्हाला कळलंच असेल. वर म्हणतो, "काढून नवी लावून देतो की! थोडं ब्लेड मारावं लागेल..." तेव्हा मात्र तोंडातून पहिल्यांदा 'नको' बाहेर पडलं. पळालेच तिथून, नाहीतर उरलेल्या काचाही त्याच्या हवाली केल्या असत्या.

गॅरेजवाला म्हणाला, दारातली काच वरखाली करणारी मोटर पाण्याने गेलीय, नवी यायला महिना. मग काय, एक जुना टॉवेल घेतला, टोक काचेवरच्या फटीतून बाहेर काढलं, बाकीचा आत सोडला. सावली अशी गडद की लेक पाच मिनिटांत गाढ झोपते. नवरा म्हणाला, "हे आधीच का नाही केलंस गं?"

कसं करणार? टॉवेल अडकवायला फट लागते, ती आधी कुठे होती!