सोळा गुंजांची माळ

भागीबाई : पण या गुंजांना भोकं पाडली कोणी?

पल्लवी : मीच. रात्रभर पाण्यात भिजत घातल्या, पहाटे उठून दाभणानं एकेक टोचली. तीन तास गेले, मावशी. हात भरून आलेत. पण माळ कशी दिसतेय बघा ना. उद्या भोंडल्याला आपल्या बालवाडीतली अकराही पोरं गळ्यात घालून हत्तीभोवती फेर धरतील.

भागीबाई : गुंजा मी दिल्या त्या मातीच्या हत्तीला डोळे लावायला.

पल्लवी : हत्तीला लागतात दोन डोळे. तुम्ही आणल्यात डबाभर. मग उरलेल्यांचं काय करायचं? एकेका माळेत सोळा गुंजा, भोंडल्याचे दिवस सोळा म्हणून. पोरांनी स्वतः ओवल्या हो. चार वर्षांची चिमणी बाळं, जीभ बाहेर काढून दोरा घालत होती. तुम्ही आज सकाळी रजेवर नसतात तर मांडी घालून बघत बसला असतात.

भागीबाई : कुणी तोंडात घातली?

पल्लवी : मी समोरच होते. आणि घातली असती तरी गुंजच ना ती? गुंजेचा पाला आपण विड्यात घालून खातो. तुम्ही आणलेल्या वेलाची दोन-दोन पानं मी पोरांना चाखायला दिली. गोड लागतात म्हणून काय खूश झाली.

भागीबाई : पाला गोड. बी नाय.

पल्लवी : म्हणजे?

भागीबाई : आमच्या सुरगाण्याकडं पूर्वी कुणाला कुणाचं ढोर मारायचं असलं, तर हीच बी वाटून तिची सुई करत. कातड्यात खुपसायची. तिसऱ्या दिशी ढोर आडवं.

पल्लवी : काहीतरीच. तुम्हीच तर म्हणालात, लहानपणी आम्ही गुंजांनी खेळायचो.

भागीबाई : अख्ख्या गुंजांनी. तिची साल दगडावाणी. चुकून गिळली तरी बहुतेक जशी गेली तशी बाहेर येती. आई जात्यावर म्हणायची,
अख्खी गुंज माझी सोन्याला तोलती,
फुटली गुंज बाई मरणाशी बोलती.
तुम्ही तर फोडली, बाई. वर भिजवून मऊ केली.

पल्लवी : मला कुणी सांगितलं नाही.

भागीबाई : मला कुणी विचारलं नाय. माळा कुठं हायेत?

पल्लवी : त्या खिळ्याला. उद्यासाठी ठेवल्यात सगळ्या.

भागीबाई : मोजा बरं.

पल्लवी : आठ, नऊ, दहा. दहा.

भागीबाई : आणि पोरं अकरा.

पल्लवी : सृष्टीची नाही यात. मम्मीला दाखवायचीय म्हणून रडायला लागली, तर मी घालू दिली. साडेबाराच्या रिक्षात माळ घालूनच बसली.

भागीबाई : सृष्टी म्हणजे, जिच्या फ्रॉकची कॉलर चघळून चघळून रोज ओली असती, ती?

पल्लवी : हो. तीच.

भागीबाई : फोन लावा.

(पल्लवी फोन स्पीकरवर टाकते. पलीकडे सृष्टीची आई, छाया.)

छाया : बोला ना मॅडम. काय सुंदर माळ करून घेतलीत हो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, गुंजा घातल्यात, आता पोरीला दृष्ट लागायची नाही.

पल्लवी : छायाताई, माळ आत्ता कुठे आहे?

छाया : गळ्यात. काढूच देत नाही. जेवताना पण नाही काढली.

पल्लवी : काढा ती. आणि त्यातल्या गुंजा मोजून सांगा. सोळा हव्यात.

छाया : मोजू? अहो, झालंय काय?

पल्लवी : आधी मोजा, ताई.

छाया : थांबा हं. सृष्टी, गप उभी राहा... अकरा, बारा, तेरा. तेराच आहेत. दोरा सगळा ओला लागतोय. तीन सांडल्या असतील रिक्षात.

पल्लवी : सृष्टीला द्या फोन.

सृष्टी : टीचर, मम्मीने माझी माळ काढली.

पल्लवी : मीच सांगितलं तिला, राजा. तुझ्या माळेतल्या गुंजा कुठे गेल्या गं?

सृष्टी : एक पडली.

पल्लवी : आणि दोन?

सृष्टी : खाल्ल्या.

पल्लवी : गिळल्यास, की चावल्यास?

सृष्टी : कुडुम कुडुम केल्या.

पल्लवी : मग थुंकून टाकल्यास ना?

सृष्टी : नाही. तुम्ही म्हणालात ना, गुंज गोड असते. मी गोड होईपर्यंत चावल्या.

छाया : मॅडम, काय खाल्लं हिनं? तुमचा आवाज असा का येतोय?

भागीबाई : सांगा त्यांना. आता झाकू नका.

पल्लवी : छायाताई, त्या बिया विषारी असतात. मला माहीत नव्हतं. भोकं मीच पाडली, पोरांच्या हातात मीच दिल्या.

छाया : विषारी? अहो, सासूबाईंच्या देव्हाऱ्यात असतात त्या. आणि हिला तर काहीच नाही झालेलं. वरण-भात खाल्ला, आता पलंगावर उड्या मारतेय. मीठ-पाणी पाजू का?

पल्लवी : काही पाजू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या. राहिलेली माळ बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला. मी पण निघते, तिथेच येते.

छाया : हे पिंपळगावला गेलेत, पाचपर्यंत येतील. ते आले की नेऊ का? उगाच घाबरवू नका हो मॅडम. ऐका, भोंडल्याचं गाणं म्हणतेय. ऐकू येतंय ना? हसतेय बघा कशी.

पल्लवी : मावशी, हसतेय म्हणतात. कदाचित काही झालंच नसेल.

भागीबाई : पहिल्या दिशी हसतंच लेकरू. त्यांना म्हणा, हसतेय तोवर घर सोडा.