ब्रॉड स्ट्रीटवरची हिरवी टोपी

मी, फिलोमेना स्कार्पा, वय ७१ वर्षे, धंदा : निवृत्त, पूर्वी शेअरबाजारात टेलिफोन कारकून, राहणार बेन्सनहर्स्ट, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. आज गुरुवार, ता. १२ मार्च २०२० रोजी शिपाई ओर्तेगा यांनी ठाण्यात बसवून विचारल्यावरून स्वखुशीने सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे लग्न झालेले नाही. आज दुपारी ब्रॉड स्ट्रीटवरील इमारतीत चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसलेले गृहस्थ डेसमंड फेही, वय ८३, यांना मी नोकरीला लागले तेव्हापासून ओळखते. ते उडी मारायला बसले नव्हते. बाकीचे मागाहून लिहिले तरी चालेल, पण हे आधी लिहून घ्यावे.

ते खिडकीत का बसले हे कळण्यासाठी थोडे मागचे सांगावे लागेल. माझे आजोबा गाएतानो स्कार्पा याच रस्त्यात उभे राहून शेअर विकत. तेव्हा आमच्या बाजाराला छप्पर नव्हते. दलाल खाली रस्त्यात आणि त्यांचे कारकून वर खिडक्यांत, एक पाय आत, एक बाहेर. गोंगाटात कुणाचे कुणाला ऐकू जात नसे, म्हणून सगळा व्यवहार हातांच्या खुणांनी चाले. तळवा आपल्या छातीकडे म्हणजे घेतो, बाहेर म्हणजे विकतो. गळ्यावरून हात फिरवला की रद्द. टोपीवर हात ठेवला की सौदा पक्का, मग मागे फिरायचे नाही. गर्दीत आपला माणूस चटकन सापडावा म्हणून प्रत्येकाची टोपी भडक. आजोबांची हिरवी होती. १९२१ साली बाजार छपराखाली गेला, टोप्या गेल्या, खुणा मात्र राहिल्या. मी लागले तेव्हाही त्याच चालू होत्या, फक्त टोपीऐवजी डोक्यावर हात ठेवत. मी वरच्या रांगेत फोन घेऊन बसायची आणि डेसमंड खाली गर्दीत असायचे. दिवसभर एकमेकांच्या हातांकडे बघत राहणे हीच आमची नोकरी होती.

तेजी-मंदीचे विचाराल तर आमच्या घरात पियानो तीनदा आला आणि तीनदा गेला. पहिला आजोबांनी १९२८ साली आणला, वर्षभरात तो जिन्यावरून खाली उतरला. दुसरा वडिलांनी साठच्या दशकात घेतला, ७४ च्या मंदीत गेला. तिसरा मी घेतला होता, तो ८७ ला गेला. आमच्या घरात पियानो वाजवायला कुणालाच येत नव्हते. आजोबा म्हणत, "एकोणतीसला खिडकीतून उडी मारलेला मी एकही पाहिला नाही गं. पाहिले ते जिन्यात बसलेले. घरी जाऊन काय सांगायचं म्हणून बसून राहिलेले." शिपाई ओर्तेगा यांनी विचारले की याचा आजच्या घटनेशी काय संबंध. संबंध असा की आज रस्त्यात जमलेल्या सगळ्यांना बाजार पडल्यावर माणसे खिडकीतून उड्या मारतात एवढेच माहीत होते.

सन १९८७ च्या ऑक्टोबरात बाजार कोसळला त्या सोमवारी दुपारी डेसमंड यांनी खालून माझ्याकडे बोट दाखवले, मग एक बोट वर केले आणि तळवा छातीकडे वळवला, म्हणजे तू, एक नग, घेतो. त्यांची पत्नी वारून तेव्हा चार वर्षे झाली होती. आजूबाजूला लोक रडकुंडीला आले होते, आणि हे नेहमीचे थट्टेखोर. मला वाटले, मला हसवायला करताहेत. मी हसले आणि गळ्यावरून हात फिरवला. तेही हसले आणि गर्दीत वळले. आमच्यात एकदा दिलेला भाव दुसऱ्या क्षणी उरत नाही, आणि तोच भाव परत मागणे कमीपणाचे समजतात. ते कधी मागे लागले नाहीत. मीही विचारले नाही. ती थट्टा नव्हती हे मला त्याच रात्री कळले होते.

पुढे ते मुलाकडे, ब्रेंडनकडे, स्टेटन आयलंडला राहायला गेले. आमचे दोघांचे जुने सहकारी मर्व्हिन काट्झ यांनी मात्र एक प्रथा पाडली. बाजार जोरात पडला की त्या दिवशी जुन्या मंडळींनी ब्रॉड स्ट्रीटवर जमून एकत्र जेवायचे. एरवीही भेटता आले असते. पण कारण नसताना भेटायचे म्हणजे काहीतरी बोलावे लागले असते. म्हणून मी बाजार पडायची वाट बघत बसे. डेसमंड यांची नजर अधू झाल्यापासून मी आजोबांची टोपी घालून जाते, कारण ते म्हणाले होते, "ती घालून ये, नाहीतर गर्दीत सापडत नाहीस."

सन २००८ ला ते म्हणाले, "हिरवे, बारीक झालीस."

मी म्हटले, "तेजीत माणूस बारीकच होतं."

"अजून एकटीच?"

"विचारतोयस म्हणून सांगते, हो."

त्यावर त्यांनी माझ्या बशीतली आंबवलेली काकडी उचलून खाल्ली आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतर तेजी लागली ती अकरा वर्षे हटेना. मधल्या घसरणींना मी दोनदा मर्व्हिनला फोन केला. तो म्हणाला, "फिलो, याला पडझड म्हणतात? बाजाराला नुसती ठेच लागलीय. जा, झोप." अकरा वर्षांत डेसमंड यांना मी पाहिले नाही.

आज सकाळी बाजार उघडताच इतका कोसळला की व्यवहार थांबवावे लागले. बातमी ऐकून मला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. लोकांची म्हातारपणाची पुंजी जात होती, त्यात माझीही होती, आणि मी आरशासमोर टोपी सरळ करत उभी होते. रोगाच्या भीतीने मर्व्हिनने यंदा सर्वांना आपल्या घरीच बोलावले होते. तो राहतो ती इमारत पूर्वी दलालांच्या कचेऱ्यांची. डेसमंड माझ्याआधी पोहोचले होते. मी कोपऱ्यावरून वळले, त्यांना टोपी दिसली, आणि ते खिडकी उघडून जुन्या कारकुनांसारखे बसले, एक पाय आत, एक बाहेर. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मग एक बोट वर. मग तळवा छातीकडे. आयुष्यभर मी वर आणि ते खाली होते. आज उलटे होते.

लोक ओरडू लागले. मी रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर नेला, तो टोपीपर्यंत पोहोचायच्या आत शिपाई ओर्तेगा यांनी मागून माझे दोन्ही दंड धरले. ते म्हणाले, "बाई, त्याला चिथावू नका." मी म्हटले, "अरे, सोड, मला उत्तर द्यायचंय." त्यांनी सोडले नाही. वर दोन पोलिसांनी डेसमंड यांना आत ओढून घेतले. ते शेवटपर्यंत माझ्या हातांकडेच बघत होते.

त्यांना न्यायला आलेला ब्रेंडन मला म्हणाला, "बाबांना हल्ली साल आठवत नाही, मावशी. पोलिसांना त्यांनी सत्त्याऐंशी सांगितलं. मी आता त्यांना घरी ठेवू शकत नाही." संध्याकाळीच तो त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात नेणार आहे, आणि रोगामुळे तिथे उद्यापासून भेटायला कुणाला सोडणार नाहीत. डेसमंड यांना आज कोणते साल वाटत होते ते मला ठाऊक नाही. मागणे मात्र तेच होते.

आज लिहिलेले शिपाई ओर्तेगा यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या पानावर 'आत्महत्येचा प्रयत्न' असे होते, ते मी खोडायला लावले आहे, कारण तसे राहिले तर त्यांना गज लावलेली खोली मिळेल. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. शुश्रूषागृहाला कळवावे की त्यांना रस्त्याकडच्या खिडकीची खोली द्यावी. मजला कितवाही चालेल. मी उद्या सकाळी टोपी घालून त्या खिडकीसमोरच्या फुटपाथवर उभी राहणार आहे, आणि तेव्हा माझे हात कुणी धरू नयेत.

सही : फिलोमेना स्कार्पा
समक्ष : शिपाई ओर्तेगा