कुबट बाटली

(एप्रिलमधला शनिवार, उतरती दुपार. गेम्मे गावच्या द्राक्षमळ्यांतून खाली येणाऱ्या रस्त्यावर, पाणी सोडलेल्या भातखाचरांच्या कडेला एक मोटार थांबली आहे. स्टिअरिंगवर हान्नेके, शेजारी तिचा नवरा रूलोफ.)

हान्नेके : नाही, आधी सांग. मग गाडी चालू करते.

रूलोफ : काय सांगू? एक बाटली खराब निघाली. निघते कधी कधी.

हान्नेके : बाटली खराब निघाली म्हणून मी थांबले नाही. तू तिचं कौतुक केलंस म्हणून थांबलेय. "सुकलेले गुलाब," म्हणालास. "जुनं चामडं, मागून चेरी." भरल्या अंगणात!

रूलोफ : एर्सिलियाबाईंच्या मळ्यातली वाइन. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

हान्नेके : तू? गेल्या वर्षी तिच्या भावाची वाइन त्याच्याच पायरीवर थुंकलास, तो तू? बिचारा अजून आपल्याला ओळख देत नाही.

रूलोफ : माणूस सुधारतो.

हान्नेके : रूलोफ, बुचाला बुरशी होती. कुबट वास येत होता. मला आला! तळघरात भिजत पडलेल्या पुठ्ठ्यासारखा. ते बर्नहून आलेले पाहुणे पेले खाली ठेवून एकमेकांकडे बघायला लागले. आणि तू डोळे मिटून आणखी एक घोट घेतलास.

रूलोफ : घरी जाऊन बोलू.

हान्नेके : घरी तू बातम्या बघतोस. इथेच बोल.

रूलोफ : मला वास येत नाही.

हान्नेके : सर्दी झालीय?

रूलोफ : नाही. येतच नाही. कशाचाच.

हान्नेके : कधीपासून?

रूलोफ : सप्टेंबरातल्या द्राक्षतोडणीच्या आधीपासून. वाटलं, नाक चोंदलंय. मग एकदा तुझी कॉफी करपली, स्वयंपाकघरात धूर झाला, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो.

हान्नेके : केवढी ओरडले होते मी तुला.

रूलोफ : ओरडलीस खरी.

हान्नेके : म्हणजे हिवाळाभर दर शनिवारी... ते जर्दाळू, ती लवंग, तो पावसात भिजलेला दगड?

रूलोफ : आठवून सांगायचो. कुठल्या मळ्याची, कुठल्या सालची एवढं कळलं की बाकीचं जुळवता येतं. कोण तपासतंय? आज बाटलीच फितूर झाली.

हान्नेके : हसू नकोस. डॉक्टरला दाखव म्हटलं तर... थांब. दाखवलंयस तू. तोंडावर दिसतंय तुझ्या. माझ्याशिवाय गेलास.

रूलोफ : नोव्हाराच्या इस्पितळात. कामावरून परस्पर. त्यांना नाकात फारसा रस नव्हता. बोटं आपटायला लावली, चालून दाखवायला लावलं. कंपवात आहे, हान्नेके. सुरुवात आहे. पुष्कळदा वास आधी जातो म्हणे, हात मागून.

हान्नेके : हात दाखव.

रूलोफ : अजून काही दिसत नाही.

हान्नेके : दाखव म्हणते ना. दोन्ही. हा अंगठा.

रूलोफ : तेवढाच. तोही थकलो की.

हान्नेके : थंडी वाजते म्हणून खिशात हात घालून बसायचास. आणि मी वेडी, तुला हातमोजे विणत बसले.

रूलोफ : चांगले आहेत ते.

हान्नेके : गप्प बस. मूग गिळून का बसलास एवढे दिवस?

रूलोफ : सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी उट्रेख्तला लेकीला फोन केला असतास. मग सामान बांधून मायदेशी परत जायचं. तिथे डॉक्टर आपल्या भाषेत बोलतात, आपली माणसं आहेत. सगळं खरं आहे गं. पण इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात तू खिडकीशी बसून रडायचीस. मग आपण शनिवारी या टेकड्यांवर यायला लागलो आणि तुझं रडणं थांबलं. ते शनिवार मला मोडायचे नव्हते.

हान्नेके : माझ्यासाठी म्हणे! अरे, मला त्या वाइनमधलं काय कळतं? मी यायचे ते तू बोलतोस म्हणून. आठवडाभर तुझ्या तोंडातून 'हं' आणि 'बरं'. पेला हातात आला की मात्र सुटतोस. आजोबा काय, शाळा काय, ती गोठलेली नदी काय. ते ऐकायला यायचे मी.

रूलोफ : तुझा फोन वाजतोय.

हान्नेके : एर्सिलियाबाई आहेत.

रूलोफ : नको उचलूस.

हान्नेके : हॅलो? हो, बोला. अजून रस्त्यातच आहोत. हो, स्पीकरवर टाकलाय, तोही ऐकतोय.

एर्सिलिया : इंजिनियरसाहेब, माफ करा हो मला. उभ्या जन्मात बूच हुंगल्याशिवाय मी पेला भरला नाही. आज त्या पाहुण्यांच्या गडबडीत विसरले, आणि पहिला पेला दिला कुणाला, तर तुम्हाला! आणि तुम्ही परक्यांसमोर माझी लाज राखलीत. ते कुबट पाणी गुलाब म्हणून प्यायलात. माझा बर्नार्दो असता तर तुमचे हात धरले असते त्यानं.

रूलोफ : बाई, तसं नाही ते—

एर्सिलिया : कसं नाही? ऐका आता. आमच्या लेकीच्या लग्नाच्या साली बर्नार्दोनं ठेवलेली एक बाटली राहिलीय. शेवटची. कुणासाठी ठेवलीय ते माझं मलाच कळत नव्हतं. आज कळलं. पुढच्या शनिवारी यायचं, आणि तिच्यात काय काय आहे ते मला सांगायचं.

हान्नेके : एर्सिलियाबाई, तो जरा—

रूलोफ : थांब, मी सांगतो. बाई, मी तुमची लाज राखली नाही. मला वास येत नाही. आजारी आहे मी, आणि हे बरं होणारं नाही. ती बाटली दुसऱ्या कुणासाठी उघडा. माझ्यावर वाया जाईल.

हान्नेके : बाई? आहात ना?

एर्सिलिया : आहे. बसले जरा. बर्नार्दोचे कान शेवटी पार गेले होते, कधी बोलले होते का मी? शेजारी ढोल बडवला तरी पत्ता नसायचा. पण दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. मी म्हणायचे, तुला मेल्या कळतंय काय तिथे? तर म्हणायचा, गाणाऱ्यांची तोंडं दिसतात ना.

रूलोफ : मी बर्नार्दो नाही, बाई.

एर्सिलिया : नाहीच आहात. तो तुमच्याहून हट्टी होता. शनिवारी जेवायला या दोघं. ससा करते. आणि बाटली माझी आहे, ती कुणावर वाया घालवायची ते मी ठरवीन. ठेवते.

रूलोफ : ठेवला?

हान्नेके : ठेवला.

रूलोफ : लेकीला कधी सांगायचं?

हान्नेके : उद्या. तू सांगायचंस, मी शेजारी बसेन. आणि आता डॉक्टरकडे मी येणार. बाहेर बाकावर नाही, आत.

रूलोफ : बरं. आणि उट्रेख्त?

हान्नेके : माहीत नाही. मला फार भीती वाटतेय, रूलोफ. आज ते विचारू नकोस.

रूलोफ : शनिवारचं तेवढं विचारतो.

हान्नेके : शनिवारी जायचं. पण आठवून काही जुळवायचं नाही. तिच्या नवऱ्याची बाटली आहे ती.

रूलोफ : मग काय सांगू तिला? ती माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

हान्नेके : मी सांगेन, वास कसा आहे ते.

रूलोफ : तू? तुला एकच येतं. कुठलीही द्या, 'छान आहे'.

हान्नेके : मग छान आहे म्हणून सांगेन.